डावं वर

आमच्या कामिशिचिकेनमध्ये, नाचगाण्याच्या चहाघरांच्या या गल्लीत, यासुकिची दादाची पोटदुखी सगळ्यांना पाठ होती. एरवी माणूस दगड पचवणारा. सकाळचा उरलेला भात, त्यावर गरम चहा, तोंडी लावायला आंबट सुगुकी लोणचं, एवढं उभ्याउभ्या हादडून सायकलवर टांग टाकायचा. पण कुठल्या मुलीचा स्टुडिओत फोटो काढायचा असला की त्या दिवशी सकाळी हमखास निरोप यायचा. पोट दुखतंय, पुतण्याला पाठवतो.

मुली हसायच्या. स्टुडिओवाल्याकडून पैसे यायचे असतील, कधीकाळी त्याच्या बायकोवर जीव जडला असेल, असे नाना तर्क चालायचे. मी तोमे, या गल्लीतल्या मुलींचे केस बांधते. माझ्याआधी माझी आई ओकाने बांधायची. मान माझ्या हातात दिली की माणूस आपोआप बोलायला लागतं, त्यामुळे इथली एकही गोष्ट माझ्यापासून लपलेली नाही असा माझा समज होता. यासुकिचीने तो खोटा ठरवला, आणि त्याचा मला अजून थोडा राग आहे.

तो मुलींना किमोनो नेसवायचा. हे काम आमच्याकडे पुरुषच करतात, कारण माइकोचा, म्हणजे शिकाऊ मुलीचा, कमरपट्टा खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोचेल एवढा लांब असतो आणि तो आवळायला खांद्यात जोर लागतो. यासुकिचीचा बाप हेच करायचा, त्याचा आजाही. बुटका, रुंद, मनगटं जाडजूड. दुपार कलली की तो एका घरातून दुसऱ्या घरात शिरायचा, आणि चहाघरांतले दिवे लागायच्या आत गल्लीतल्या सगळ्या मुली तयार असायच्या. चेहऱ्याकडे तो बघायचा नाही. "चेहरा त्यांचा, कापड माझं," असं म्हणायचा. गुडघा टेकवून पट्टा ओढताना पुटपुटायचा, "श्वास सोड. आणखी सोड. आता घे." नव्या मुली पहिल्या आठवड्यात रडायच्या आणि महिनाभरात त्याच्यावर दादागिरी करायला लागायच्या.

शेवटी एक ठरलेली गोष्ट. सगळं झालं की तो समोर येऊन गळ्याशी कापडावर दोनदा थोपटायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "डावं वर." तेवढं झाल्याशिवाय मुलीला दारातून बाहेर सोडायचा नाही.

आता किमोनोची डावी बाजू उजवीवर यायची हे आमच्याकडे रांगतं पोरही जाणतं. उजवी बाजू वर घेतात ती एकदाच, माणूस गेल्यावर, शेवटची कापडं चढवताना. बापजाद्यांपासून हेच काम करणाऱ्याने रोज हे घोकावं म्हणजे सुताराने प्रत्येक खिळ्याला टोक खाली, टोक खाली म्हणावं तसं. मुली त्याची नक्कल करायच्या. कुणी भांड्यावर झाकण ठेवलं तरी थोपटून म्हणायची, डावं वर. तो रागावत नसे. हसतही नसे.

त्याच्यावर सगळ्यात जास्त दादागिरी करणारी म्हणजे तामानोया घराची फुमिचो. तांगोकडच्या एका कोळ्याची पोर. आली तेव्हा तिच्या बोलण्याला खाऱ्या वाऱ्याचा वास होता, आणि पट्टा आवळताना तिने यासुकिचीला सरळ लाथ मारली होती. तेव्हापासून दोघांचं जमलं. त्याला मूलबाळ नव्हतं. हिचा बाप समुद्रावर गेलेला. दोघांपैकी कुणी काही बोललं नाही, पण रोज तिच्याकडे तो सगळ्यात शेवटी यायचा, म्हणजे घाई नको.

ओसाकाला जगभरच्या देशांचं मोठं प्रदर्शन भरलं, त्याच्या पुढच्या वर्षी फुमिचोची कॉलर बदलायची ठरली. माइकोची लाल भरजरी कॉलर उतरवून पांढरी चढवायची, की मुलगी पुरी झाली. बाहेरचे लोक गेइशा म्हणतात, आम्ही गेइको म्हणतो. त्याआधी काही दिवस, पांढरी कॉलर लावूनच, स्टुडिओत जाऊन एक फोटो काढतात, आणि तो घराच्या बाहेरच्या खोलीत ओळीने लावतात. तामानोयाची ओळ मोठी आहे. जुन्या तपकिरी फोटोंपासून सुरू होते, काहींवर हाताने रंग भरलेले. असेच फोटो कोबेच्या बंदरात पोस्टकार्डं म्हणून परदेशी खलाशांना विकले जायचे. ते लोक ते बघून काय समजायचे ते त्यांचं त्यांना ठाऊक. आमच्यासाठी त्या थोरल्या बहिणी आहेत. नवी मुलगी घरात आली की आधी त्या ओळीला वाकून नमस्कार करते, कुणाचा नाच बघण्यासारखा होता, कुणाचं शामिसेन ऐकण्यासारखं होतं हे तिला सांगतात, आणि मग तिच्या नावात त्यांतल्या एकीच्या नावाचं एखादं अक्षर गुंफतात. ओळीच्या मधोमध एक खिळा मात्र रिकामा होता. का, ते घराच्या हल्लीच्या आईला, म्हणजे घर चालवणाऱ्या मासुएलाही, सांगता येत नसे. तिच्या आधीची ओताके आई मरताना सांगून गेली होती, ती जागा तशीच ठेवा.

फुमिचोने सांगून टाकलं, फोटोला यासुकिची दादाच नेसवेल. यासुकिची म्हणाला, घरोघर नमस्काराला जायच्या दिवशी मी आहेच, फोटोला पुतण्या येईल.

"पुतण्या नको," फुमिचो म्हणाली.

"माझ्यापेक्षा छान बांधतो तो."

"बांधू दे. मला तू हवास."

"त्या दिवशी पोट दुखणार आहे माझं."

ती माझ्याकडे आली ती डोळे सुजवून. कॉलर बदलण्याआधीच्या या दिवसांत मुलींचे दात काळे रंगवलेले असतात, त्यामुळे रडताना तोंड झाकावं लागतं, आणि तिला एकाच वेळी रडायचं, बोलायचं आणि तोंड झाकायचं होतं. "ताई, त्याला मी आवडत नाही का? एवढी वर्षं नेसवलं, आणि आयुष्यभर भिंतीवर राहायचं त्याच दिवशी नको म्हणतो. तो नसेल तर मी फोटोच काढणार नाही. त्या खिळ्याच्या शेजारी आणखी एक रिकामा खिळा राहू दे."

तिचं बोलणं पोरकट नव्हतं. ती खरंच काढणार नव्हती, आणि मासुए आईच्या घरात फोटोवाचून कॉलर बदलत नाहीत. माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी यासुकिची माझ्या दुकानावरून सायकल ढकलत चालला होता, त्याला मी आत ओढला.

"बस. पोट कसं आहे?"

"बरं आहे."

"आत्ता बरं असतं. फोटोच्या दिवशी कळ येते. आधीच तारीख ठरवून येणारी कळ मी पहिल्यांदाच बघतेय. त्या पोरीला रडवलंस तू, कळतंय का? काय झालंय ते सांग, नाहीतर उद्यापासून कुठल्याच मुलीचे केस वेळेवर होणार नाहीत, आणि तुला दारात ताटकळावं लागेल."

तो उठला आणि निघून गेला. मला वाटलं, चिडला. पण थोड्या वेळात परत आला, सायकलशिवाय, काखेत निळ्या कापडात बांधलेलं काहीतरी घेऊन. ते त्याने माझ्यासमोर ठेवलं आणि स्वतः दाराकडे तोंड करून बसला.

"हिनागिकु आठवते तुला?" त्याने विचारलं.

मला पुसट आठवत होती. मी लहान होते. तामानोयाची माइको, आईकडे केस बांधायला यायची आणि बाहीतून काढून मला खडीसाखरेचे रंगीत दाणे द्यायची. थंडीच्या तोंडावर ताप आला आणि गेली. गल्लीतल्या बायका रडत होत्या एवढं आठवतं.

यासुकिची दाराशीच बोलल्यासारखा बोलत राहिला. तेव्हा तो बापाच्या हाताखालून नुकता सुटला होता. हिनागिकुचं माइको म्हणून पहिलंच वर्ष. एका स्टुडिओवाल्याला पोस्टकार्डांसाठी तिचा फोटो हवा होता. ती नेसून गेली तो किमोनो फिक्या रंगाचा, कॅमेऱ्यात नक्षी उठेना. म्हणून तिथेच, मागच्या अरुंद खोलीत, यासुकिचीने तिला घाईघाईत दुसरा गडद किमोनो नेसवला. खोलीत ती दोघंच. जागा एवढी कमी की तो तिच्या मागे उभा राहून आरशात बघून कापड जुळवत होता. फोटो झाला, परत पहिला किमोनो चढवला, घरी आले. काही दिवसांत तिने अंथरूण धरलं. फोटो घरी पोचला तो ती गेल्यावर.

"ओताके आईने मला बोलावलं," तो म्हणाला. "देवघरासमोर बसल्या होत्या. फोटो माझ्यापुढे सरकवला. उजवं वर होतं, तोमे. मी तिला मेलेल्या माणसासारखी नेसवली होती."

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, हा तू ठेव, कुणाला दाखवू नकोस. स्टुडिओला निरोप पाठवला की कार्डं छापू नका. तिचा दुसरा फोटो नव्हताच. त्यानंतरही त्या मला रोज कामाला बोलवायच्या, रोज चहा द्यायच्या. मी रोज त्या खिळ्याखालून आत जायचो." त्याने नाक पुसलं. "मला आठवतच नाही गं. त्या दिवशी कुठली बाजू वर घेतली ते आठवत नाही. आरशात बघत होतो ना. हात म्हणतात डावी, फोटो म्हणतो उजवी. फोटो कशाला खोटं बोलेल? आणि आता त्या पोरीला मी फोटोसाठी नेसवू?"

मला त्याची कीव आली आणि संतापही आला. एवढं ओझं एकट्याने पाठीवर घेऊन हा माणूस रोज माझ्या दुकानावरून सायकलची घंटी वाजवत जात होता, आणि आम्ही त्याच्या पोटावर विनोद करत होतो. मी कापडाची गाठ सोडली.

फोटो छान होता. कमरेपर्यंतच. गोल चेहरा, किंचित घाबरलेले डोळे. त्याच्याकडे बघून ओताके आईची आणि यासुकिचीची नजर गळ्याशी जाऊन अडकली असणार, ते साहजिक होतं. उजवी बाजू वर, स्पष्ट. पण माझं तसं होत नाही. लग्नात गेले तरी मी नवरीचा चेहरा नंतर बघते. माझी नजर आधी केसांवर जाते, आणि तिथे गेली आणि थांबली.

"हे उलटं आहे," मी म्हणाले.

"तेच तर सांगतोय."

"कापड नव्हे रे. केस. फुलं उजव्या कानाशी लोंबतायत."

"असतील."

"असतील काय असतील? पहिल्या वर्षीच्या माइकोला फुलांच्या माळा डाव्या कानाशी सोडतात आणि चांदीची पानं उजव्या अंगाला खोचतात. गल्लीत कुणालाही विचार. हे केस माझ्या आईने बांधलेत. ही बघ इथली वळी, ही तिचीच. ती कधी चुकायची का?"

"ओकानेताई? छे."

"मग तू कापड उलटं नेसवलंस, आणि नेमकं त्याच दिवशी माझ्या आईनेही फुलं उलटी खोचली? आणि अख्ख्या गल्लीतून ती पोर तशी उलटी फुलं माळून चालत गेली तरी कुणाला दिसलं नाही?"

त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. शिरणार कसं, इतकी वर्षं तिथे दुसरंच काहीतरी ठाण मांडून बसलं होतं. मी त्याच्या दंडाला धरून त्याला उठवला आणि माझ्या मोठ्या आरशासमोर उभा केला. फोटो छातीशी धरला आणि आरशाकडे फिरवला.

"तिकडे बघ. माझ्याकडे नको. आरशात बघ."

आरशात हिनागिकु बसली होती. फुलं डाव्या कानाशी. चांदीची पानं उजवीकडे. आणि गळ्याशी डावी बाजू वर, सुरकुतीही पडू न देता घेतलेली.

"तेव्हा ज्या काचेवर फोटो उतरवायचे, ती स्टुडिओत कुणीतरी पालथी ठेवून छापली," मी म्हणाले. "तू बरोबर नेसवली होतीस. ती बिचारी तापाने गेली, तुझ्या हाताने नाही."

यासुकिचीने हात पुढे केला आणि आरशाच्या काचेवर, तिच्या गळ्याशी, बोटं टेकवली. मग तो खाली बसला. मला वाटलं पडला. गुडघ्यांवर कपाळ टेकवून तो रडला, अगदी मोकळेपणाने, आवाज करून. पुरुषाला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला अवघडायला हवं होतं, पण मलाच छातीवरची शिळा उतरल्यासारखं झालं, आणि मीही रडले.

"ओताके आईला सांगायचं राहिलं," तो मध्येच म्हणाला. त्या महायुद्धाच्या दिवसांतच गेल्या होत्या. मी त्याला तोंड पुसायला कपडा दिला. त्याने तोंड पुसलं, नाक शिंकरलं, आणि म्हणाला, "तोमे, खायला काही आहे का? भूक लागली."

खारवलेल्या बांगड्याची सुशी होती, देवळाच्या बाजारातून आणलेली. सगळी संपवली त्याने. माझ्या वाटणीचीही.

फुमिचोच्या फोटोच्या दिवशी सगळी गल्ली पोटदुखीच्या निरोपाची वाट बघत होती. निरोप आला नाही. आला तो यासुकिची स्वतः, नवे कोरे पायमोजे घालून, पुतण्याला पट्ट्याचं दुसरं टोक धरायला सोबत घेऊन. फुमिचोला सगळं मी आधीच सांगितलं होतं. ती हात पसरून उभी राहिली. काळा किमोनो, पांढरी कॉलर. त्याने पट्टा ओढला, "श्वास सोड," म्हणाला, तिने सोडला. गाठ बसली. तो समोर आला, तिच्याकडे वरून खालपर्यंत बघितलं, मान डोलावली आणि बाजूला झाला.

फुमिचो जागची हलेना.

"चल की," तो म्हणाला.

"राहिलं काहीतरी."

"काही राहिलं नाही."

"तू म्हणत नसशील तर मी म्हणते." आणि तिने स्वतःच गळ्याशी दोनदा थोपटून म्हटलं, "डावं वर." मग काळे दात दाखवून खदखदून हसली. यासुकिचीने तिला रागे भरलं, पट्टा सैल होतो म्हणून. स्टुडिओत तो शेवटपर्यंत कॅमेऱ्याच्या मागे उभा होता, फोटोवाल्याच्या अगदी पाठीशी, इतका की त्या बिचाऱ्याला कोपर हलवायला जागा नव्हती.

त्याच फोटोवाल्याकडून आम्ही जुन्या फोटोची नक्कल काढून ती सुलटी छापून घेतली. मासुए आईने चौकट केली. ती लावायच्या दिवशी तिने आम्हा सगळ्यांना बोलावलं. ओळीच्या मधोमध, त्या खिळ्यावर, हिनागिकु जाऊन बसली आणि नव्या मुलींनी तिला वाकून नमस्कार केला. ओळीच्या टोकाला फुमिचो होती. यासुकिचीने हात जोडले. डोळे मिटले.

मग त्याने डोळे उघडले, चष्मा लावला आणि चौकटीजवळ गेला. आणखी जवळ गेला. नाक काचेला लागेल इतका. म्हटलं, आता आणखी काय दिसलं याला?

"तोमे," तो म्हणाला, "हे बघ. पट्ट्यावरचं बक्कल."

"काय झालं त्याला?"

"मध्यावर नाही. अर्धं बोट सरकलंय. उजवीकडे." त्याने चौकटीवर बोट टेकवून दाखवलं. खरंच सरकलं होतं, अगदी जरासं. "घाई केली मी. खोली अरुंद होती तरी काय झालं, बक्कल मध्यावर यायलाच हवं. माझ्या बापाने पाहिलं असतं तर कानाखाली वाजवली असती."

"जाऊ दे रे, कोण बघतंय?"

"जाऊ दे कसं? चूक आहे ती. माझी चूक." त्याचा चेहरा असा फुलला होता की मासुए आई माझ्याकडे बघायला लागली. त्या संध्याकाळी गल्लीतल्या प्रत्येक घरात, प्रत्येक मुलीचा पट्टा आवळता आवळता, तरुणपणी आपल्या हातून बक्कल कसं अर्धं बोट सरकलं होतं ते त्याने सांगितलं. काही घरांत दोनदा सांगितलं.